ताप दिसला की लगेच सुई नको, आधी रक्त बघ

भाऊ, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीची) गाय घेतलीयस ना, मग गोचीड तापाचं, म्हणजे गोचीड चावून रक्तात जंतू गेल्याने येणाऱ्या तापाचं, आधी शिकून घे, देशीपेक्षा संकरित जनावराला हा जास्त लोळवतो. थर्मामीटर गोठ्यातच ठेव, गायीच्या अंगाचं तापमान एरवी साधारण १०१-१०२ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेला आणि खाणं सोडलं तर खांद्याच्या पुढची गाठ हाताने चाचपून बघ, लिंबाएवढी फुगलेली लागली की थायलेरियाचा (गोचीड तापाचा एक जंतू) संशय घ्यायचा. पापणी उलटून बघ, पांढरीफटक की पिवळी. लघवी कॉफीसारखी लाल झाली तर बबेसिया (गोचीड तापाचाच दुसरा जंतू) असू शकतो, पण नुकत्याच व्यालेल्या गायीला फॉस्फरस कमी पडूनही तशीच लघवी होते आणि तिथे ताप बहुतेक नसतो, इथे भलेभले फसतात. मी पण फसलोय, दोन दिवस नुसत्या तापाच्या सुया मारत बसलो.

म्हणून डॉक्टरांना सांग औषधाच्या आधी कानाच्या शिरेतून रक्त घेऊन काचेवर पातळ स्मिअर (रक्ताचा थर) करा, गिमसा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली जंतू दिसतो. थायलेरिया वाटला तर गाठीतलं पाणीपण काढायला सांग. थायलेरियाला बुपार्व्हाक्वोन, बबेसियाला डिमिनाझिन, औषधं वेगळी आहेत रे, अंदाजाने मारलं तर पैसेही जातात आणि वेळही. आणि अंगावर गोचीड दिसत नाही म्हणून निवांत राहू नको, चावून कधीच पडून गेलेली असते, गव्हाणीच्या भेगा बघ.