टोमॅटो मरतोय? आधी खोड कापून बघा

निपाणी भागातून विचारणा आली आहे: "ट्रायकोडर्मा दोनदा सोडलं, तरी फुलावर आलेली झाडं हिरवीच्या हिरवी सुकतात. शिवाय फळात अळी शिरली आहे. जैविकातलं जोरदार औषध सांगा."

हिरवं झाड दोन-तीन दिवसांत मान टाकत असेल, तर ती बहुधा जिवाणूजन्य मर आहे. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे, ते बुरशीजन्य मर आवरतं. जिवाणूपुढे त्याचं फारसं चालत नाही. खात्री करून घ्या. नुकत्याच सुकलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा आणि तुकडा काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात स्थिर धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरू लागला, की जिवाणू समजा. धागा नाही आणि खालची पानं आधी पिवळी पडली होती, तर फ्युजारियम बुरशीचा संशय घ्या.

जिवाणू निघाले तर उभ्या पिकात हमखास इलाज नाही, हे स्पष्ट सांगतो. झाडं मुळासकट उपटून जाळा, त्या सरीचं पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका. आणि आधीचं पीक आठवा. आपल्याकडे तंबाखू, मिरची नाहीतर बटाट्यावर टोमॅटो लावतात. ही सगळी एकाच कुळातली, हा जिवाणू सगळ्यांना धरतो. त्या रानात दोन-तीन वर्षं मका, ज्वारी घ्या. पुढे टोमॅटो लावाल तेव्हा बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकर निवडा. बोकड्या (पानं आकसणारा विषाणूरोग), जिवाणूजन्य मर आणि करपा यांना तो प्रतिकारक आहे.

बुरशी असेल तरी ट्रायकोडर्मा लावणीआधीच हवं. 1 किलो पावडर 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली 15 दिवस ठेवा, मग सरीत टाका. त्यावर लगेच रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केलीत (मुळाशी ओतलंत), तर घातलेलं सगळं वाया.

फळातल्या अळीला आता कुठलंही औषध पोचणार नाही. किडकी फळं तोडून खड्ड्यात पुरा. पुढच्या वेळी टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ लावा. झेंडूचं रोप 40 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं असावं, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि अळीच्या पतंगाची मादी झेंडूवर अंडी घालते. सध्या कोवळ्या अळ्या दिसत असतील तर एचएनपीव्ही (या अळीला मारणारा विषाणू) एकरी 100 एल.ई. (विषाणूची मात्रा मोजायचं माप), थोडा गूळ घालून, संध्याकाळीच फवारा. उन्हात हा विषाणू टिकत नाही. चार-सहा दिवसांनी अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतील. त्या वेचू नका, त्या फुटून विषाणू बाकीच्या अळ्यांपर्यंत जातो.