टोमॅटोचं बूड काळं का पडतं? कोकोपीट आणि कॅल्शियम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गच्चीवर १५ लिटरच्या पिशव्यांत निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुशात) टोमॅटो लावले आहेत. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पोटॅशियमचं विद्राव्य खत) देतो. झाडं हिरवीगार आहेत, पण सुपारीएवढी झालेली फळं बुडाकडून तपकिरी होऊन काळी पडतात. अंड्याच्या टरफलांची पूड घातली, कॅल्शियमचा फवाराही मारला. फरक नाही. (पुणे)

हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशक आणू नका. वाढत्या फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडलं की तिथल्या पेशी फुटतात आणि बूड काळवंडतं. कॅल्शियम झाडात फक्त मुळांकडून वर जाणाऱ्या पाण्याबरोबर चढतं आणि पाणी जिकडे जास्त उडतं तिकडे जातं. पानांतून भरपूर उडतं, फळातून जेमतेम. शिवाय पानात एकदा बसलेलं कॅल्शियम तिथून निघून फळाकडे येत नाही. म्हणून झाड हिरवंगार आणि फळ उपाशी, हे दोन्ही एकाच वेळी दिसतं. फवाऱ्यातलं कॅल्शियम पानावर पडलं तर ते पानातच राहतं, फळाच्या सालीतून फार थोडं आत शिरतं. फवाऱ्याने माळ्याचं समाधान होतं, फळाचं भागत नाही.

तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली, १९:१९:१९ मध्ये कॅल्शियमही नाही आणि मॅग्नेशियमही नाही. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाचा असतो. त्याचा अमोनियम होतो आणि तो मुळाशी कॅल्शियमला अडवतो. दुसरी, कोकोपीट मुळातच पोटॅशियमने भरलेलं असतं. तुम्ही दिलेलं कॅल्शियम आधी ते स्वतः धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम सोडतं. मातीत ही उणीव झाकली जाते, कारण मातीत स्वतःचा कॅल्शियमचा साठा असतो. कोकोपीटमध्ये तो नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आठवड्यातून एकदाच खत. इथे प्रत्येक पाण्याबरोबर थोडं थोडं खत द्यावं लागतं.

दहा लिटरच्या एका बादलीला हे प्रमाण घ्या : कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) तीन ग्रॅम, ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) दोन ग्रॅम, ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) एक ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट साडेचार ग्रॅम आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेली राहतील अशी बांधलेली) सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या ठिबकच्या मात्रेने. बादली तीन चतुर्थांश भरून त्यात कॅल्शियम नायट्रेट पूर्ण विरघळवा. बाकीची खतं वेगळ्या तांब्यात विरघळवून शेवटी ओता. यातून लिटरमागे सुमारे १५० मिलिग्रॅम कॅल्शियम, १६० नत्र, २१० पोटॅशियम आणि ४३ मॅग्नेशियम मिळतं. आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) २ च्या आसपास यावी, पीएच ५.८ ते ६.२ ठेवा. चमच्याने मोजू नका. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, कारण दोन ग्रॅमचे चार झाले तर या प्रमाणाला अर्थ उरत नाही.

एप्रिल-मेमध्ये रोज दोन-तीन वेळा थोडं थोडं पाणी द्या आणि दर वेळी दिलेल्याच्या १० ते २० टक्के पाणी खालून निथळू द्या. पिशवी दुपारी सुकली की कॅल्शियमचा प्रवास थांबतो आणि उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात. मग संध्याकाळी भरभरून पाणी दिलं तरी दुपारचं नुकसान भरून येत नाही. दुपारी ३५ टक्के सावलीची जाळी धरा. काळी पडलेली फळं सुधारणार नाहीत, तोडून टाका. फळधारणेनंतरचे पहिले दोन आठवडे नाजूक असतात, त्यामुळे आजच्या बदलाचा परिणाम नव्याने धरणाऱ्या फळांत दिसेल.

अंड्याच्या टरफलांचं म्हणाल तर ते चुनखडीच असतं आणि विरघळायला महिनोन्‌महिने घेतं. खतखड्ड्यात घाला, तिथे शोभेल.

प्रश्न : कोकोपीटचा विक्रेता म्हणतो, “माल धुतलेला आहे, थेट वापरा.” तरी बफर करावं लागतं का? पाच किलोच्या ठोकळ्याला नेमकं काय करायचं? (अलिबाग)

धुणं आणि बफर करणं (म्हणजे कणांना चिकटलेलं पोटॅशियम-सोडियम उठवून तिथे कॅल्शियम बसवणं) ही दोन वेगळी कामं आहेत. नारळाच्या सोडणात पोटॅशियम आणि क्लोराइड मुळातच भरपूर असतं. काथ्यासाठी सोडणं खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवली असतील तर सोडियमची भर पडते. साध्या पाण्याने पाण्यात सुटलेलं मीठ वाहून जातं, पण कणांना चिकटलेलं पोटॅशियम-सोडियम तिथेच बसून राहतं. त्याला उठवायला कॅल्शियमच लागतं. म्हणून ईसी कमी आली एवढ्यावरून माल तयार झाला असं समजू नका.

ठोकळा ६०-७० लिटरपर्यंत फुगतो, तेव्हा १०० लिटरचा ड्रम किंवा जाळीच्या तळाचा क्रेट घ्या. २५ लिटर पाण्यात ठोकळा फोडून फुगवा, निथळा, साध्या पाण्याने दोनदा धुवा. मग एक वाटी ओलं कोकोपीट दीड वाटी आरओ पाण्यात अर्धा तास ठेवून गाळा आणि त्या पाण्याची ईसी मोजा. ०.५ च्या खाली येईपर्यंत धुणं चालू ठेवा. तुमचं नळाचं किंवा विहिरीचंच पाणी त्याहून जास्त असेल, तर शेवटचं धुणं पावसाच्या पाण्याचं करा.

आता १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट ४० लिटर पाण्यात विरघळवून त्यात ते २४ तास बुडवा, मधून दोनदा वरखाली करा. मग निथळा आणि एकदा साध्या पाण्याने हलकं धुवा. निथळलेल्या पाण्यात पोटॅशियम आणि नायट्रेट असतं, विहिरीजवळ ओतू नका. वाडीत नारळ असेल तर त्याच्या आळ्यात घाला, त्याला क्षार सोसतात आणि क्लोराइड तर लागतंच. खाऱ्या मालाला हा फेरा दोनदा करावा लागतो. वेळ वाचवायला चुना कालवणारेही आहेत. त्याने पीएच चढतो आणि लोह अडतं, तेव्हा तो मार्ग नको.

“बफर केलेला” असं छापलेला माल मिळतो, पण पहिल्या लॉटची तपासणी करूनच लागवड करा.

प्रश्न : पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची आहे, पाणी बोअरचं. अहवालात ईसी १.१, कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ५०, सोडियम ६०, बायकार्बोनेट ४०० (ईसी सोडून सर्व मिलिग्रॅम प्रतिलिटर). पाण्यातच एवढं कॅल्शियम असताना कॅल्शियम नायट्रेट बंद करू का? (संगमनेर)

बंद नको, निम्मं करा. आणि आधी बायकार्बोनेट हटवा. ते तसंच राहिलं तर पीएच रोज वर सरकेल, शेंडे पिवळे पडतील आणि तुम्ही लोह ओतत बसाल.

४०० मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे साधारण ६.५ मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाचा हिशेब ज्यात करतात ते एकक). त्यातलं एक राखून बाकीचं आम्लाने मोडायचं. सगळं फॉस्फोरिकने मोडलं तर स्फुरद १७० च्या वर जाईल, म्हणून दोन आम्लं वाटून घ्या : हजार लिटरला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक १०० मिलि आणि ६० टक्क्यांचं नायट्रिक सुमारे ३०० मिलि. तेवढ्याने स्फुरदाची गरज भागते, तेव्हा ०:५२:३४ पूर्ण वगळा. पाण्यातलं मॅग्नेशियम पुरेसं आहे, मॅग्नेशियम सल्फेटही वगळा. मग हजार लिटरला कॅल्शियम नायट्रेट ४३० ग्रॅम, १३:०:४५ तीनशे ग्रॅम, ०:०:५० अडीचशे ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. पाण्यातलं आणि खतातलं मिळून कॅल्शियम १६० होतं. आम्लातला नत्र धरून एकूण नत्रही १६० च्या घरात राहतो.

आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवी. पहिल्या दिवशी ठरलेल्यापैकी तीन चतुर्थांशच घाला, पीएच मोजा, मग पुढे जा. पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी बदलतं, तेव्हा अहवाल वर्षातून दोनदा काढा. गच्चीवाल्यांनी नायट्रिकच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी आरओचं किंवा पावसाचं पाणी निम्मं मिसळावं. सायट्रिक आम्लाने पीएच उतरतो, पण जंतू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पीएच पुन्हा वर येतो.

प्रश्न : सगळी विद्राव्य खतं एकाच ड्रममध्ये कालवतो. तळाला पांढरा गाळ बसतो आणि ड्रीपर बंद पडतात. खत भेसळीचं असेल का? (नारायणगाव)

खत बहुधा बरं आहे, कालवण्यात चूक आहे. दाट द्रावणात कॅल्शियमची सल्फेटशी गाठ पडली की जिप्सम होतं, फॉस्फेटशी पडली की कॅल्शियम फॉस्फेट. म्हणजे तुमचं महागाचं कॅल्शियम ड्रमच्या तळाला बसलं आहे. दोन टाक्या करा. ‘अ’मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि लोहाचं चिलेट. ‘ब’मध्ये ०:५२:३४, ०:०:५०, मॅग्नेशियम सल्फेट आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं. १३:०:४५ कुठेही चालतं. दोन्ही द्रावणं शंभरपट दाट ठेवली तर हजार लिटर पाण्याला प्रत्येकी दहा लिटर लागतात. ती सोडताना मध्ये भरपूर पाणी जाऊ द्या.

तुंबलेल्या ड्रीपरसाठी आम्ल चालवायचं असेल तर आधी ड्रीपरच्या पिन पिशव्यांबाहेर काढा. चुनखडी आणि फॉस्फेट विरघळतील. जिप्सम आम्लाला दाद देत नाही, ते ड्रीपर बदलावे लागतील.

प्रश्न : लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा जळतात. कॅल्शियम वाढवलं तरी तसंच. (नाशिक)

गड्ड्याच्या आतली पानं एकमेकांत मिटलेली असतात, त्यातून पाणी उडत नाही, म्हणून कॅल्शियम तिथवर पोचत नाही. आणखी खत घालून ईसी चढेल आणि जळणं वाढेल. ईसी १.२ ते १.४ वर आणा, पंख्याने पिकावरून हलती हवा ठेवा.

प्रश्न : एका पिकानंतर तेच कोकोपीट पुन्हा वापरता येतं का? (कोल्हापूर)

मर रोग झाला नसेल तर येतं, दोन-तीन पिकांपर्यंत. मुळं काढा, धुवा आणि कॅल्शियम नायट्रेटची मात्रा निम्मी ठेवून पुन्हा भिजवा. तंतू कुजून भुसा बारीक झाला की हवा खेळत नाही. मग ते बागेच्या मातीत मिसळून टाका.