फुगा पळतो, दुकानही पळतं

प्रश्न : ऑनलाइन लढाऊ विमानांच्या खेळात मी पी-५१ मस्टँग उडवतो. मेसरश्मिट १०९ समोर येतं, गोळ्या संपतात, ते काही पडत नाही. कन्व्हर्जन्स ८०० मीटर ठेवलाय. विमान बदलू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : विमान राहू द्या, ते ८०० आधी खाली आणा. पी-५१डी मस्टँगच्या सहाही मशीनगन पंखांत आहेत. दोन्हीकडच्या गोळ्या जिथे एकत्र येतात ते अंतर म्हणजे कन्व्हर्जन्स. ८०० ला जुळवून २५० वर मारलंत, तर दोन पंखांतल्या गनांमधली दोन-तृतीयांशाहून जास्त फट तिथे शिल्लकच असते. शत्रूच्या विमानाचं धड त्या फटीतून सुखरूप निघून जातं. ब्रिटिश वैमानिकांनी १९४० मध्ये ४०० यार्डांची जुळणी २५० यार्डांवर आणली ती याचसाठी. तुम्ही २५० ते ३०० मीटर ठेवा. मग ऑफलाइन सरावात अंतराचे आकडे चालू करून, झूम एकच ठेवून, २५० मीटरवर १०९ चे पंख गनसाइटच्या (नेम धरायच्या काचेवरच्या) वर्तुळाचा किती भाग व्यापतात ते डोळ्यात बसवा. झूम बदललात की हा अंदाज गेलाच.

आता नेम. गड्ड्याच्या यात्रेत बंदुकीने फोडायचा फुगा जागेवर असतो. इथे फुगा पळतो आणि दुकानही पळतं. ताशी ४०० किमीने आडवं जाणारं विमान सेकंदाला १११ मीटर सरकतं. ३०० मीटर कापायला तुमच्या गोळीला साधारण एक-तृतीयांश सेकंद लागतो. म्हणजे नेम ३७ मीटर पुढे, १०९ च्या चार लांब्या! तुमच्या आणि त्याच्या दिशांत ३० अंशांचा कोन असेल तर याच्या निम्मा, १५ अंशांत जेमतेम एक लांबी. नवख्याने १५ अंशांच्या आत आल्याशिवाय ट्रिगरला हात लावू नये.

एवढं करूनही गोळ्या एका बाजूला जात असतील तर स्लिप इंडिकेटरचा, म्हणजे विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा, चेंडू बघा. वेग किंवा थ्रॉटल (इंजिनाचा जोर) बदलला की नाक बाजूला वळतं. चेंडू डावीकडे तर डावा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू). विमान घसरत असताना झाडलेली गोळी नाक दाखवतं तिथे जात नाही. ट्रिगर एकेक सेकंदच दाबा.

प्रश्न : झीरो घेऊ की स्पिटफायर? पिंग २०० च्या वर असतो.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ब्रिटिश स्पिटफायर मार्क ९. दोन हिस्पानो तोफा, प्रत्येकी १२० गोळे, वेगही चांगला. सुरुवातीच्या जपानी झीरोत तोफेमागे ६०च गोळे, तेही मंद, ७.७ मिमीच्या गोळ्या वेगळ्याच वाटेने जातात. शिवाय वेग वाढला की तिचे एलरॉन (विमान कलतं करणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात, सूर मारून पळणाऱ्याच्या मागे जाण्यात अर्थ नाही. पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचं म्हणाल, तर आकडा स्थिर असेल तर २०० वरही खेळता येतं. वायफाय सोडून वायर लावा, जवळचा सर्व्हर निवडा आणि समोरासमोरची धडक टाळा.