ऊसदर ठरवण्याचा अधिकार केंद्राचा की राज्याचा?

शेती हा राज्याचा विषय असताना कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाचा दर दिल्लीत का ठरतो, आणि मग राज्य सरकारकडे दर मागण्यात अर्थ काय, असे आपण विचारले आहे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे हे खरे. परंतु ऊस पिकवणे आणि तो कारखान्याला विकणे हे घटनेच्या दृष्टीने दोन वेगळे विषय आहेत. अन्नपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीतील, 33 व्या नोंदीत येतो. त्याच आधारावर 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा उभा आहे आणि त्याखालील 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र दर हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, जाहीर करते.

मात्र एफआरपी हा किमान दर आहे. त्याच्या वर जाण्यास राज्याला मज्जाव नाही. उत्तर प्रदेश स्वतःच्या 1953 च्या कायद्याच्या बळावर वेगळा दर जाहीर करतो आणि सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये तो अधिकार मान्य केला. महाराष्ट्राने 2013 च्या कायद्याने दुसरी वाट धरली: साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील 70 टक्के वाटा उत्पादकाचा. मला ही वाट कमकुवत वाटते, कारण तिचा सारा हिशेब कारखान्याच्या दप्तरात असतो आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त काट्याची पावती.

खाली येण्याची मुभा मात्र राज्याला नाही. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, असे केंद्राचा आदेश सांगतो. तरीही फेब्रुवारी 2022 मध्ये राज्याने शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत देण्यास परवानगी दिली. आपल्याच जिल्ह्यातील शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एकरकमी एफआरपीचा हक्क त्यामुळे पुन्हा उभा राहिला.

आता मागणी कोणाकडे करायची ते पाहा. साखरेचा किमान विक्री दर, निर्यात आणि इथेनॉलचा खरेदी दर दिल्लीच्या हाती आहे. एफआरपीपेक्षा जादा दर मागायचा असेल, तर मुंबई गाठावी. थकबाकीचे तर आणखी वेगळे आहे: आदेश केंद्राचा असला तरी वसुलीचे प्रमाणपत्र, म्हणजे आरआरसी, राज्याचे साखर आयुक्त काढतात आणि प्रत्यक्ष वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. आमच्या गावाने एकदा थकबाकीचे निवेदन दिल्लीला पाठवले आणि उत्तराची वाट पाहण्यात हंगाम गेला. ते पुण्याच्या साखर आयुक्तालयात द्यायला हवे होते.