तिफणीला तेल लावावे का?

प्रश्न : आमच्या कृषी पर्यटन केंद्रात बाभळीची जुनी तिफण (तीन फणांचे पेरणीचे अवजार) मांडली आहे. दिंडाला (फण बसवलेल्या आडव्या लाकडाला) भेगा आहेत, भुसाही पडतो. वॉर्निश लावू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वॉर्निश नकोच. आधी खाली काळा कागद पसरा. आठवड्यात त्यावर ताजा भुसा पडला, तर कीड जिवंत आहे. तेलाने छिद्रे बुजतात, म्हणून लाकडाचे कीडनाशक आधी सिरिंजने छिद्रांत सोडा. वाळल्यावर जवसाचे कच्चे तेल आणि टर्पेंटाइन समभाग घेऊन पातळ हात द्या. वीस मिनिटांनी जास्तीचे पुसा, नाहीतर चिकट थरावर धूळ बसते. तेलकट चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या बाहेर पसरून वाळवा. भेगांत कडक लांबी (पुट्टी) भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगते, लांबी दबत नाही आणि चीर वाढते. चाडे (बी टाकायचा वाडगा) आणि त्यातून बी खाली नेणारे नळे मात्र मूळचेच ठेवा!