पैसे तुमचे, गाणं पोराचं, मग मालकी कुणाची?

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतः गाणी लिहितो, गिटारवर म्हणतो. आम्ही बाया रोवण्यात (भातलावणीत) म्हणतो त्या गाण्याची चाल घेऊन त्यानं एक गाणं केलं. ते यूट्यूबवर साठ हजार वेळा पाहिलं गेलं. आता एक कंपनी ८० हजारांत सहा गाण्यांचा अल्बम करून देतो म्हणते. हा कॉलेज सोडून मुंबईला जायचं म्हणतो. त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. धान विकून पैसे भरू का?"

ताई, नमस्कार.

धान विकू नका. निदान या कागदासाठी तरी नाही.

कराराचा फोटो पाठवलात ते बरं केलं. त्यात लिहिलंय की रेकॉर्डिंगची मालकी 'कायमस्वरूपी' कंपनीची राहील. एरवी कंपनी स्वतःचा पैसा घालते आणि म्हणून रेकॉर्डिंग तिचं होतं. इथं पैसा तुमचा आणि रेकॉर्डिंग त्यांचं. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, बैलजोडी आपण उतरवायची आणि इनाम दुसऱ्यानं घरी न्यायचं, त्यातली ही गत. करारात मुदतीचा उल्लेखच नसता, तर कायद्यानं ती पाच वर्षं धरली असती. तेव्हा 'कायमस्वरूपी' हा शब्द तिथं चुकून पडलेला नाही.

गाण्याचे शब्द मात्र मुलानं लिहिले त्या क्षणीच त्याचे झाले. नोंदणी केली तर पुरावा म्हणून कामी येते, पण ती सक्तीची नाही. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारानंही काढून घेता येत नाही. तो वाटा गोळा करायचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. मुलाला तिथं सभासद होता येईल. रोवण्याची मूळ चाल कुणा एकाच्या मालकीची नाही, ती त्यानं खुशाल वापरावी. फक्त गाण्याखाली 'पारंपरिक चाल' असं लिहायला सांगा. तुमच्या बांधीतल्या बायांचा तेवढा मान राहू द्या.

आता कमाईचं. साठ हजार हा आकडा गावात मोठा वाटतो, पण त्यातून खिशात काय आलं? तुम्हीच लिहिलंय, काही नाही. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. (छोट्या व्हिडिओंसाठी अट वेगळी आहे.) स्पॉटिफाय तर वर्षात हजार वेळाही न ऐकलेल्या गाण्याला २०२४ पासून काहीच देत नाही. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांची चूल बहुधा कार्यक्रमांवर, शिकवण्यांवर, दुसऱ्यांसाठी चाली बांधण्यावर पेटते. नोकरीसारखा महिन्याच्या एक तारखेला पगार इथं नसतो, हे मुलानं आत्ताच ऐकून ठेवावं.

मुंबईचा हट्ट मला कळतो, पण झाडीपट्टी नाटकमंडळ्यांचं गाव वडसा तुमच्यापासून किती लांब आहे? दिवाळी झाली, धान घरात आलं की होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली, नाटकं गावोगाव रात्रभर चालतात, आणि त्यांतलं संगीत समोर बसून वाजवलेलं असतं. लोक तिकीट काढून येतात. पोरानं एक हंगाम एखाद्या मंडळीत वाजवावं, गावं. पहाटे तीन वाजता पेंगणारा प्रेक्षक जागा कसा करायचा, ते मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत बसून शिकता येणार नाही. आणि रात्रीचं मानधन हातात पडेल ते वेगळं. बाबांना 'नाचणं-गाणं' कमी दर्जाचं वाटत असेल, तर सांगा की याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही ऐकलं नाही, तर तुकडोजी महाराजांचं नाव काढा. खंजिरी हातात घेऊन स्वतःची भजनं स्वतःच म्हणणारा माणूस आपल्याच विदर्भातला. आज त्याला कुणी इंडी, म्हणजे कंपनीविना स्वतःचं गाणारा कलाकार, म्हटलं असतं, मला वाटतं.

कॉलेज सोडण्याला माझा विरोध आहे. पदवी त्याला गायक करणार नाही, हे मान्य. पण दीड वर्षच उरलंय. शिवाय विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून पुढं 'इंद्रधनुष्य' या आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत जाता येतं. ते दार फक्त विद्यार्थ्यालाच उघडं असतं.

खर्च करायचाच असेल तर एक बरा माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) घ्या. दहा-पंधरा हजारांत सुरुवात होते. टिनाचं छप्पर असेल तर पावसात रेकॉर्डिंगचा नाद सोडावा. एरवी रात्री, पंखा बंद करून, भिंतीला गोधड्या टांगून काम भागतं. चार गाणी अशी करून एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणाऱ्या सेवेमार्फत) त्यानं स्वतःच्याच नावावर चढवावीत. त्यानंतर कुठली कंपनी आली, तर बोलणी करताना त्याच्या हातात काही असेल.

बाबांशी मी फोनवर बोलतो. शनिवारी संध्याकाळी, शेतातून आल्यावर, चालेल का ते कळवा.

आणि ताई, रोवण्यातली आणखी कितीतरी गाणी तुम्हाला पाठ असतील. यंदा रोवणा लागायच्या आधी एकदा त्याला समोर बसवा आणि त्याच्या मोबाइलमध्ये म्हणून ठेवा.