‘वाटून घे’ म्हटल्यावर मूल काय ऐकते?

सुट्टी लागली की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते: मित्र घरी आले की आमचे मूल खेळण्यांना कुणाला हात लावू देत नाही. सव्वाचार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईनेही तेच सांगितले आणि जरा थांबून विचारले, “हा पुढे स्वार्थी तर होणार नाही ना?” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एवढ्या लहान मुलाला स्वार्थी म्हणणे मला पटत नाही. अर्थशास्त्रज्ञ अर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लहान मुलांवरील अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन-चार वर्षांच्या बहुतेक मुलांनी खाऊ स्वतःकडेच ठेवला होता, आणि समान वाटणीकडे स्पष्ट कल दिसला तो सात-आठ वर्षांच्या मुलांमध्ये. म्हणून स्वभावाची चर्चा बाजूला ठेवून मी प्रसंग विचारला. मित्र आगगाडी मागतो, हा ती छातीशी धरतो, पाहुण्यांसमोर आई ओशाळते, “वाटून घे, शहाणा ना तू” असे दोनदा म्हणते आणि शेवटी स्वतःच ती त्याच्या हातातून काढून मित्राला देते. मग रडारड होते.

आई बोलत असताना मुलाने मध्येच विचारले, “मग ती त्याची होते?” मला सगळे त्या प्रश्नात सापडले. खाऊ वाटला की तो संपतो, हे मुलाला पक्के ठाऊक असते. खेळण्याच्या बाबतीत आपण तोच शब्द वापरतो आणि ते परत येणार आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते. त्यात वस्तू हातातून ओढून घेतली गेली, तर जो मोठा त्याने हिसकावायचे, एवढाच धडा मिळतो.

मी आईला ‘वाटून घे’ सोडून “तुझे खेळून झाले की त्याला खेळायला दे, जाताना तो परत देईल” असे म्हणायला सुचवले. शिवाय मित्र येण्यापूर्वी, कुणालाही द्यायची नाहीत अशी तीन खेळणी मुलानेच निवडून कपाटात ठेवावीत आणि बाकीची सर्वांसाठी बाहेर असावीत, असेही ठरले. दर पाच मिनिटांनी पाळी बदलण्यासाठी गजर लावण्याचा माझा सल्ला मात्र साफ फसला, कारण मुलगा खेळायचे सोडून घड्याळाकडेच बघत बसला. तो आम्ही दुसऱ्याच दिवशी मागे घेतला.

पुढच्या खेपेला त्याने तीनऐवजी जवळजवळ सगळीच खेळणी कपाटात कोंबली. आईने माझ्या सांगण्यावरून त्याला अडवले नाही. खेळायला काहीच नाही म्हणून मित्र कंटाळून दारापर्यंत गेले, तेव्हा त्याने आधी चेंडू काढला आणि थोड्या वेळाने ठोकळे. दोन्ही एकट्याने खेळण्यापेक्षा मित्रांबरोबर खेळण्यात जास्त मजा, म्हणून सुरुवातीला अशीच खेळणी बरी पडतात.

सुट्टी संपताना आई पुन्हा भेटली. आगगाडी अजून कपाटातच होती. मित्र दीड-दोन तासांहून जास्त थांबले, तर दमलेला मुलगा पुन्हा हट्टाला पेटत होता. तेव्हा भेटी लहानच ठेवा, असे मी सांगितले. मित्र निघाले की तो एकेक खेळणे मोजून परत घेतो, हे सांगताना आईला थोडे अवघडल्यासारखे झाले. मी म्हटले, मोजू द्या.